मध्यावरचा सामना : ‘झुंड’विषयी काही विचार

खेळावर रचलेल्या बोलपटात मुख्य सामना अखेरीस यावा, हा संकेत आता पूजेनंतरच्या आरतीइतका ठरून गेला आहे. आधी दुबळ्यांचा संघ जमावा, मग त्यांच्यात भांडणे व्हावीत, एखाद्या हट्टी गुरूने त्यांस वळण लावावे, आणि शेवटच्या अर्ध्या तासात बलाढ्य प्रतिपक्षास धूळ चारून त्यांनी प्रेक्षकांस डोळ्यांना रुमाल लावावयास भाग पाडावे, असा हा सरळ मार्ग आहे. श्री. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी बोलपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा पुष्कळांनी याच अपेक्षेने चित्रगृहाची वाट धरली. त्यांस तो सामना मिळालाही. परंतु तो मिळाला मध्यावर. सामना संपतो, जयघोष होतो, आणि घरी जाण्यासाठी उठू पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या ध्यानी येते की, अजून निम्मा बोलपट उरलाच आहे. तो कशासाठी उरला आहे हे न उमगून अनेक परीक्षकांनी उत्तरार्ध पसरट झाल्याचा आणि कात्री चालवावयास हवी होती असा शेरा मारला. आम्हांस हा शेरा मान्य नाही. सामना मध्यावर आणून ठेवणे हीच या कृतीतील सर्वांत धीट गोष्ट आहे. मात्र ज्या सामन्याविषयी एवढी धिटाई दाखविली, त्याच्याच चित्रणात दिग्दर्शकाची लेखणी एका जागी आखडली आहे, हेही सांगितले पाहिजे. आणि या कृतीच्या चाहत्यांनी त्याविषयी मौन धरल्यामुळे ते थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे.

कथेचे मूळ नागपुरातले आणि खरे आहे. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाने १८८३ साली स्थापन झालेल्या हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. २००१ च्या सुमारास भर पावसात वस्तीतली मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळत असलेली त्यांनी पाहिली, आणि त्यांच्या हाती, नव्हे पायी, चेंडू दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली व पुढे ती देशाबाहेर जाऊन पोहोचली. २०१४ साली ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमामुळे बारसे यांचे नाव घरोघर झाले. बोलपटात बारसे यांचे बोराडे झाले, बादलीचा प्लॅस्टिकचा डबा झाला, आणि बोराडे यांची भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. वस्तीतली बहुतेक मुले मात्र नागपुरातूनच निवडलेली, नटाचा धंदा न शिकलेली आहेत. त्यांचा म्होरक्या डॉन याची भूमिका करणारे अंकुश गेडाम हेही त्यांपैकीच.

या मुलांस बोराडे पैसे देऊन खेळावयास लावतात. मुले व्यसनांत बुडालेली, सोनसाखळ्या ओढण्यात आणि चालत्या मालगाडीवरचा कोळसा उतरविण्यात पटाईत. त्यांच्या लेखी घटकाभर चेंडू मारल्याबद्दल मिळणारी रोकड ही आणखी एक मजुरी. रोज खेळ, रोज रोकड. मग एके दिवशी मास्तर सांगतात की, आज पैसे नाहीत. मुले घुटमळतात, कुरकुरतात, आणि अखेर फुकट खेळतात. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या प्रश्नावर फडके व खांडेकर यांच्या पक्षांनी एके काळी आपल्या मासिकांचा किती कागद खर्ची घातला, हे जुन्या वाचकांस आठवत असेल. त्या वादात जे पानोपानी सांगूनही पटले नाही, ते येथे चारदोन मिनिटांत निमूटपणे पटते: ज्याला खेळाची गोडी एकदा लागली, त्याला खेळाचे मोल विचारण्याचे सुचत नाही. आणि गंमत अशी की, ही गोडी लागावी म्हणून आधी मोल मोजावे लागते. भुकेल्याच्या पुढे निर्हेतुक आनंदाचे तत्त्वज्ञान मांडण्याआधी त्याचा वेळ त्याच्याकडून विकत घ्यावा लागतो, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या पंडितांच्या नजरेतून निसटली होती.

आता सामना. महाविद्यालयाचे मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे आखलेले, राखलेले क्रीडांगण. पलीकडे उकिरडा आणि पत्र्यांची घरे. दोन्हीकडची मुले एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर लहानाची मोठी झाली. वयाने बरोबरीची, शहर एक, भाषा बहुतांशी एक. आणि तरीही त्यांची भेट कधी झालेली नाही. झाली असेल तर ती चोर आणि फिर्यादी या नात्याने. बोराडे या दोघांचा सामना ठरवितात. महाविद्यालयाचा संघ गणवेशात, बुटांत, रोजच्या सरावातून आलेला. वस्तीचा संघ अंगावर जे आहे त्यात आणि पायांत जे आहे त्यात. पाहावयास सारी वस्ती लोटते. वस्तीचा संघ आधी सपाटून मार खातो, मग हळूहळू सावरतो, आणि अखेरीस जिंकतो. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचे छायालेखन या भागात खरोखर अप्रतिम आहे. कॅमेरा खेळाडूंच्या पायांबरोबर धावतो, आणि मधूनच थांबून बघ्यांच्या तोंडाकडे पाहतो. खेळाची खरी बातमी तोंडावरच वाचावयाची असते हे या छायालेखकास ठाऊक आहे.

बुटाविना खेळून बूटवाल्यांस हरविण्याची कथा आपल्या देशात एकदा इतिहास म्हणून घडून गेली आहे. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास मोहन बागानच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या गोऱ्या संघास दोन विरुद्ध एक असे हरवून आय्. एफ्. ए. ची ढाल जिंकली, तेव्हा त्यांच्या अकरा खेळाडूंपैकी दहाजण अनवाणी होते. तो विजय एका संघाचा न राहता राष्ट्राचा झाला. पुढे २००१ साली ‘लगान’ या बोलपटाने तीच भावना क्रिकेटच्या मैदानावर नेली व सबंध देशास तीन तास खुर्चीच्या कडेवर बसविले. त्या बोलपटातला निवेदकाचा आवाज बच्चन यांचाच होता, हा एक योगायोग. परंतु ‘झुंड’मधल्या विजयाला राष्ट्राचा विजय म्हणण्याची सोय नाही, कारण हरणारे आणि जिंकणारे एकाच राष्ट्राचे आहेत. गोऱ्यास हरविणे भावनेच्या दृष्टीने फार सोपे असते. समोर परका उभा आहे, त्याच्याविषयी काही वाटून घेण्याचे कारण नाही. येथे मात्र समोर उभा आहे तो आपल्या वाचकाचा मुलगा. ‘लगान’मध्ये कचरा नावाचा एक अस्पृश्य गोलंदाज आहे. त्याला संघात घ्यावे की न घ्यावे यावर गावात खल होतो, नायक एक भाषण करतो, आणि कचऱ्यास प्रवेश मिळतो. ‘झुंड’मध्ये सबंध संघच कचऱ्याचा आहे आणि कोणी कोणास प्रवेश देत नाही. वीस वर्षांत आपला बोलपट येथवर येऊन पोहोचला, ही लहान गोष्ट नव्हे.

नेमक्या याच ठिकाणी आमची तक्रार सुरू होते. समोर आपलाच मुलगा उभा आहे असे आम्ही म्हटले खरे, पण त्याचे तोंड आम्हांस दिसत नाही. वस्तीच्या संघातील प्रत्येकाची आई, बाप, कर्ज, व्यसन, टोपणनाव, सारे आपल्यास कळते. महाविद्यालयाच्या संघातील एकाही मुलाचे नाव सामना संपल्यावर आठवत नाही. ते गणवेश आहेत, मुलगे नव्हेत. त्यांच्या बाजूने बोलावयास किशोर कदम यांनी रंगविलेले एक तुसडे अध्यापक तेवढे आहेत, आणि त्यांच्यासारख्या समर्थ नटास तुच्छतेपलीकडे दुसरा भाव दाखविण्याची संधी फारशी लाभत नाही. हरलेल्या मुलांपैकी एखाद्यास त्या दिवशी काय वाटले? भिंतीपलीकडून रोज ज्यांचा ओरडा ऐकू येई, ज्यांच्या भीतीने सायकलीला दोन कुलपे घालण्याची सवय लागली, त्या पोरांनी आपल्या मैदानावर आपल्याला हरविल्यावर त्या अठरा वर्षांच्या मनात निव्वळ अपमानच उठला, की त्याबरोबर आणखीही काही उठले? या प्रश्नाच्या उत्तरात एक सबंध कथा दडलेली होती. भिंत केवळ पलीकडच्यांसच अडविते असे नाही. अलीकडच्यांसही ती आंधळे करते. अलीकडच्या एकाच मुलाचे डोळे उघडताना दाखविले असते, तर सामन्याचा विजय दुप्पट खोल झाला असता. प्रतिस्पर्ध्यास माणूसपण दिल्यावाचून त्याच्यावरचा जय मोठा होत नाही, हे व्यासांपासून आपल्या पोवाड्यांपर्यंत सर्वांस माहीत होते; रावण लहान करून रामायण रचता येत नाही.

कोणी म्हणेल की, शेकडो बोलपटांत झोपडीतला माणूस तोंडाविना वावरला, तेव्हा कोणी तक्रार केली नाही. आज एका बोलपटाने बंगल्यातल्यांस तोंडाविना ठेवले तर एवढा गवगवा कशास? हा युक्तिवाद सडेतोड आहे आणि न्यायाच्या दरबारी तो टिकेलही. कलेच्या दरबारी तो टिकत नाही. आणि मंजुळे यांस हे जमत नाही असेही नाही, म्हणून तर खंत अधिक. त्यांच्या ‘सैराट’ची (२०१६) सुरुवातच एका गावच्या क्रिकेटच्या सामन्याने होते. त्या धुळीच्या मैदानावर दोन्ही बाजूंची पोरे जिवंत आहेत, बघे जिवंत आहेत, आणि ध्वनिक्षेपकावर खेळाचे वर्णन करणारा गडी तर सर्वांहून जिवंत. कोण कोणाचा, कोणाची सत्ता कोठवर चालते, कोणाला कोणापुढे खाली पाहावे लागते, हे सारे हसता हसता त्या एका सामन्यात कळून जाते. ‘झुंड’मधला सामना त्याहून कितीतरी मोठा, कितीतरी अटीतटीचा, पण त्यात एकच बाजू श्वास घेते.

एवढे म्हटल्यावर उत्तरार्धाकडे वळतो, कारण आमच्या मते खरा सामना तेथे सुरू होतो. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्य आपल्या शिष्यांचे कौशल्य दाखविण्यासाठी रंगभूमी उभारतात, तो प्रसंग वाचकांस स्मरत असेल. अर्जुनाने करून दाखविलेली सारी कर्मे कर्ण येऊन जशीच्या तशी करून दाखवितो आणि द्वंद्वयुद्ध मागतो. तेव्हा कृपाचार्य पुढे होऊन त्याला त्याचे कुळ आणि मातापिता विचारतात. राजपुत्र कोणाशीही लढत नाही. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तेथल्या तेथे त्याला अंगदेशाचे राज्य देतो, पण इतक्यात वृद्ध अधिरथ काठी टेकीत येतो, कर्ण त्याच्या पायांवर डोके ठेवतो, आणि भीम हसून चाबूक हाती घेण्यास सुचवितो. मग सूर्य मावळतो आणि ते युद्ध होतच नाही. ज्या सामन्यासाठी सारी नगरी लोटली होती तो सामना एका प्रश्नाने थांबविला.

‘झुंड’ने या प्रसंगाचा क्रम उलटा केला आहे. येथे कर्णाला आधी खेळू दिले, जिंकू दिले, खांद्यावर घेऊन नाचविले. आणि कृपाचार्य आले ते नंतर. देशभरातल्या वस्त्यांचे संघ नागपुरात जमतात, बेघरांच्या जागतिक स्पर्धेचे बोलावणे येते, आणि आता पारपत्र काढावयाचे म्हणून कचेरीची पायरी चढावी लागते. तेथे प्रश्न तोच आहे: तू कोण? कोणाचा? त्याचा पुरावा काय? जन्माची नोंद नाही, राहत्या जागेचा दाखला नाही, शाळा सुटलेली, आणि असलाच एखादा कागद तर तो पोलीस ठाण्याच्या दप्तरात. गोलात चेंडू मारणे किती सोपे होते हे या मुलांस आणि आपल्यास तेव्हा कळते. मैदानावर हात लागला तर दोन्ही संघांस सारखाच दंड. रेषेबाहेर गेलेला चेंडू कोणाच्याही जातीचा असो, बाहेरच. मैदानाच्या या नव्वद मिनिटांच्या राज्याबाहेर असा एकही नियम नाही की जो दोन्ही संघांस सारखा लागू होतो. विजयाने काही सुटत नाही, विजयाने फक्त पुढचा प्रश्न विचारला जाण्याची पात्रता येते, हे सांगावयाचे तर सामना मध्यावरच यावयास हवा होता. तो अखेरीस ठेवला असता तर प्रेक्षक डोळे पुसून निश्चिंत मनाने घरी गेला असता.

या भागातला उत्कृष्ट प्रसंग रिंकू राजगुरू यांच्या मोनिकाचा आहे. ही आदिवासी मुलगी बापाला बरोबर घेऊन आपण आपणच आहोत याचा दाखला गोळा करीत हिंडते. ओळख पटवावयास कागद हवा, आणि तो कागद मिळावयास आधी ओळख हवी, असा हा न संपणारा फेरा आहे. कोणी खलपुरुष नाही, कोणी ओरडत नाही. मैलोगणती चालणे, थांबणे, पुन्हा चालणे, एवढेच. आणि बापाच्या चेहऱ्यावर संताप नसून एक पुरातन सवय आहे. परीक्षकांनी याच भागास रेंगाळलेला म्हटले. सालेकसा-देवरीकडून कागदासाठी गोंदियाच्या कचेरीत येऊन बसलेल्या माणसाची दुपार ज्याने पाहिली आहे, त्याला हा भाग रेंगाळलेला वाटणार नाही. उलट दिग्दर्शकाने पुष्कळ आटोपते घेतले असे वाटेल.

बोलपटाच्या भाषेविषयीही याच मुलखातून दोन शब्द लिहावेसे वाटतात. प्रस्तुत लेख फुलचुरात बसून लिहिला आहे. फुलचूर हे गोंदिया शहराच्या वेशीला लागलेले गाव. दोहोंमध्ये भिंत नाही, पण गाव कोठे संपते आणि शहर कोठे सुरू होते हे ज्याचे त्यास नेमके ठाऊक असते. येथल्या बाजारात पोवारी, झाडीबोली, छत्तीसगढी आणि हिंदी यांची जी मिसळण कानी पडते, तिला कोणत्याही व्याकरणाचा आशीर्वाद नाही. नागपूरची हिंदी तिची मोठी बहीण. क्रियापद मराठीचे, प्रत्यय हिंदीचा, आणि वाक्याच्या अंती हक्काचा ‘बे’. मुंबईच्या बोलपटांनी आजवर या बोलीस विनोदासाठी, म्हणजे चाकरमान्या गड्याच्या तोंडी तेवढी, जागा दिली होती. ‘झुंड’मध्ये ती प्रेमासाठी, शिवीसाठी, शोकासाठी, आणि न्यायाधीशापुढे उभे राहण्यासाठीही वापरली आहे. अजय-अतुल यांच्या एका गाण्याचे नावच ‘लफडा झाला’ असे आहे. हिंदी बोलपटाच्या गाण्यात ‘झाला’ हे मराठी क्रियापद बिनदिक्कत येऊन बसते, आणि सारा देश त्यावर नाचतो. शुद्धतेच्या अभिमान्यांनी कपाळास आठ्या घालाव्यात. आम्ही मात्र ते ऐकून सुखावलो.

भिंतीचा उल्लेख वर आला आहे. मंजुळे यांच्या कृतींत भिंत ही नुसती पार्श्वभूमी नसते. ‘फँड्री’मध्ये (२०१३) जब्याचे कुटुंब मारलेले डुक्कर काठीला बांधून शाळेच्या ज्या भिंतीवरून नेते, तिच्यावर फुले, शाहू, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. त्याआधी ते कुटुंब डुकरामागे धावत असता सारे गाव कडेला बसून हसते. कोणाचा तरी जीव मेटाकुटीस येतो आणि इतरांची घटकाभर करमणूक होते. राष्ट्रगीत सुरू होते, जब्या ताठ उभा राहतो, सारे ताठ उभे राहतात, आणि हाती आलेले डुक्कर निसटते. ज्याने तो प्रसंग पाहिला आहे त्याला ‘झुंड’मधला सामना पाहताना एक गोष्ट आपोआप उमगेल. येथेही वंचितांची पोरे जिवाच्या आकांताने धावत आहेत आणि लोक कडेने पाहत आहेत; पण पाहणारे बदलले आहेत. आता आपले लोक आपल्या पोरांस पाहत आहेत, त्यांच्या नावाने ओरडत आहेत. जब्याला जर कोणी असे पाहिले असते तर त्याने शेवटी आपल्या दिशेने तो दगड भिरकाविला नसता. दोन बोलपटांतले हे अंतर नऊ वर्षांचे आहे, आणि आमच्या मते मंजुळे यांच्या प्रतिभेचा प्रवास पाहावयाचा तर याच दोन गर्दींच्या मध्ये तो पाहावा. आंबेडकर जयंतीचा प्रसंग, जेथे ढोल-नगाऱ्यांच्या कल्लोळात बाबासाहेबांच्या भव्य चित्रापुढे बोराडे उभे राहतात, तो याच प्रवासाचा टप्पा आहे. शंभर वर्षांहून वय झालेल्या हिंदुस्थानी बोलपटसृष्टीस आपल्या सर्वांत मोठ्या नटास त्या चित्रापुढे उभे करावयास इतका काळ लागला, याची नोंद इतिहासकार करतीलच.

बच्चन यांच्याविषयी थोडे. १९७५ च्या ‘दीवार’मध्ये गोदीतला हमाल म्हणून ज्याने व्यवस्थेशी झुंज घेतली, तोच नट आज भिंतीच्या मास्तरांच्या बाजूस उभा आहे, हे नुसते बोलपटाच्या नावावरूनही सुचावे. त्यांनी या भूमिकेत स्वतःस मागे ठेवले आहे. आवाज खालच्या पट्टीत, खांदे किंचित झुकलेले. मुले बोलत असता ते ऐकत असतात, आणि ऐकण्याचा अभिनय हा बोलण्याच्या अभिनयाहून दुर्घट असतो. परंतु डॉनच्या सुटकेसाठी न्यायालयात ते जे भाषण करतात, तेथे हा सारा संयम व्यर्थ जातो. भिंत, तिच्यापलीकडची मुले, त्यांस न मिळालेल्या संधी: पडद्यावर अडीच तास जे दाखविले तेच शब्दांत पुन्हा सांगितले जाते. दिग्दर्शकाचा आपल्या चित्रांवर विश्वास आहे, पण आपल्या प्रेक्षकांवर नाही, असा संशय त्या ठिकाणी येतो. बोराडे यांच्या घरी मुले एकेक करून आपली कहाणी सांगतात तो आधीचा प्रसंग याच्या शेजारी ठेवून पाहावा. तेथे कोणी वकिली करीत नाही, मुले अडखळतात, हसतात, मध्येच गप्प होतात, आणि आपण पुरते जिंकले जातो. भावना आणि डॉन यांचा दृष्टिभेटींचा धागाही आम्हांस सैल वाटला. ‘सैराट’च्या प्रेक्षकास थोडा प्रसाद मिळावा एवढ्याच हेतूने तो ओवलेला दिसतो, आणि ओवून मध्येच सोडून दिलेला.

रझिया ही मुस्लिम स्त्री आणि मोनिका या दोघींस खेळाडू म्हणून आणले आहे, ही गोष्ट उत्तम. पण त्यांचा खेळ त्रोटक आहे. पुरुषांच्या सामन्यास दिलेल्या वेळेच्या चतुर्थांश वेळ जरी त्यांच्या पायांस मिळाला असता, तरी त्यांची दुःखे सांगण्यात गेलेला वेळ वाचला असता. दुःखाची कैफियत सर्वांचीच सारखी वाटू लागते, चेंडू अडविण्याची तऱ्हा मात्र प्रत्येकीची निराळी असते.

आता शेवट. परदेशातली स्पर्धा, जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती बोलपटात दाखविलेलीच नाही. विमानतळावर तपासणीच्या दारात डॉन अडतो. यंत्र पुन्हा पुन्हा वाजते, आणि खिशात राहून गेलेले लहानसे हत्यार टाकून दिल्यावाचून तो आत जाऊ शकत नाही. मग विमान उडते आणि वस्तीच्या त्या भिंतीवरून जाते, जिच्यावर ओलांडण्यास सक्त मनाई असल्याची पाटी रंगविली आहे. सामना नाही, गोल नाही, चषक नाही. रंगभूमीवरचा सूर्य मावळला म्हणून कर्णाचे युद्ध राहिले. येथे ते दिग्दर्शकाने बुद्ध्या पडद्याबाहेर ठेवले. एकदा जिंकून काही सुटले नाही हे दाखविल्यावर दुसऱ्यांदा जिंकून दाखविणे म्हणजे स्वतःचेच म्हणणे खोडणे झाले असते, तेव्हा हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

तरीही तो खेळ थोडासा तरी दिसावयास हवा होता असे आम्हांस राहून राहून वाटते, आणि त्याचे कारण त्या खेळाच्या रचनेत आहे. २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ या नगरीत प्रथम भरलेल्या या बेघरांच्या स्पर्धेतला फुटबॉल आपण समजतो तसा अकराजणांचा नसतो. एका बाजूस गोलरक्षक धरून चौघेच. मैदान बावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद, म्हणजे वस्तीतल्या एखाद्या चौकाएवढे. खेळ सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. गल्लीत वाढलेल्या पायांस ते मैदान परके वाटण्याचे कारण नाही. त्याच्या भोवती कमरेइतक्या उंचीच्या फळ्यांची भिंत असते. महाविद्यालयाच्या मैदानावर रेषेबाहेर गेलेला चेंडू पंच मेलेला धरतो. येथे भिंतीवर आपटून परत आलेला चेंडू खेळातच असतो, आणि कसलेले खेळाडू तर तो मुद्दामच भिंतीवर मारून पुढे काढतात.